पुस्तकात नसलेले तळ

शुक्रवारी दुपारी मी आन माझ्या म्हातारीनं मिळून तिच्या लुगड्याची घडी घातली. तिच्यासंगं केलेलं शेवटचं काम ते. त्यात सांगण्यासारखं काही न्हाई, पण शेवटचं तेच म्हून तिथूनच सांगतो.

नऊवारी लुगड्याची घडी एकट्या माणसाला नीट घालता येत न्हाई. दोन टोकं एकाच्या हातात, दोन दुसऱ्याच्या, आन मधी मोकळी जागा लागती. मेंढरामागं फिरत होतो तव्हा माळरान होतं, पाहिजे तेवढं मागं सरा. परतूरला पोराच्या ह्या दोन खोल्यांत ती सोय न्हाई. घराला लागून एक बोळ आहे. त्याच्या एका टोकाला पाण्याची टाकी, दुसऱ्या टोकाला शेजाऱ्याची मोटारसायकल. मी टाकीला पाठ लावून उभा राह्यलो, ती मोटारसायकलला टेकली, तरी मधी झोळ पडून लुगडं फरशीला लागायलं.

ती म्हणली, "मागं सरका की."

म्हणलं, "मागं टाकी हाय. टाकीत उतरू का आता?"

"उतरा. तेवढीच आंघोळ व्हईल."

ती हसली, मी न्हाई हसलो. ह्या बोळीत आल्यापासून मला हसू कमीच येतं. मंग तिनं लुगडं आधी निम्म्यात दुमडलं, मंग पुन्हा ताणलं, आन कशीतरी घडी झाली. हिरवं लुगडं, लाल काठाचं. दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, ते नेसून तिला नातीच्या शाळेत जायचं होतं. घडी उशाखाली ठेवून ती जरा लवंडली. चहाच्या वक्ताला सून उठवायला गेली ती तशीच बाहेर आली आन माझ्याकडं नुसती पाहत उभी राह्यली. गल्लीतला डॉक्टर आला, नाडी पाह्यली, म्हणला हृदय बंद पडलं, झोपेतच. तिला कळलं बी नसंल, म्हणला. त्याला काय ठाऊक तिला काय काय कळायचं.

शाळेत कामून जायचं होतं, ते सांगतो.

नात पाचवीला आहे. एक दिवस इतिहासाच्या तासाला बाईनं पोरायला विचारलं, तुमचे पूर्वज काय करायचे, कुठल्या गावचे. कुणी म्हणलं आमची पाटीलकी होती, कुणी म्हणलं आमचं कापडाचं दुकान होतं, कुणाचा आजा रेल्वेत होता. आमची पोरगी उभी राहून म्हणली, आमचे पूर्वज मेंढरं घेऊन फिरायचे, आमचं गाव एका जागी नव्हतं. मागच्या बाकावरून एका पोरानं "ब्यॅऽऽ" केलं. मंग सगळा वर्ग ब्यॅ ब्यॅ करायला लागला. बाईनं दटावलं, पण ते त्या दिवसापुरतं. पुढं रोज पोरगी वर्गात शिरली की कुणीतरी हळूच ब्यॅ करायचं.

घरी येऊन ती आईला म्हणली, "मम्मी, आपण शेतकरी आहोत असं सांगितलं तर चालेल का?" सून म्हणली, सांग. सुनेचं काही चुकलं असं मी म्हणत न्हाई. रोज लेकराचं उतरलेलं तोंड तिलाच पाहावं लागायचं. पोरगी मंग माझ्यासंगं रस्त्यानं चालायची बंद झाली. खांद्यावर घोंगडं दिसलं की ती दोन पावलं पुढं. मी घोंगडं घरी ठेवायला लागलो. तरी ती पुढंच.

आम्ही मेंढपाळ माणसं. राजूरच्या अंगाला आमचं घर, ते बी पावसाळ्यापुरतं. दसरा झाला की मेंढरं घेऊन खाली उतरायचं, गंगेच्या काठापस्तोर. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. उन्हाळा संपता संपता पुन्हा वर. रोज एखाद्या शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची. त्याच्या रानाला खत, आमाला ज्वारी. जिथं मुक्काम तो तळ. ते तळ पिढ्यानपिढ्या ठरलेले. माझ्या बापाचे तेच, त्याच्या बापाचे तेच.

आता ह्यात एक गोष्ट आहे. मेंढरं घेऊन गडी रानारानानं चालायचे आन बाया घोड्यावर सामान लादून वाटेनं जायच्या, तळ आधी गाठून चूल पेटवायच्या. म्हून मला रानं ठाऊक, पाणी ठाऊक, चारा कुठं राहतो ते ठाऊक. तळांचा हिशेब बायांकडं. कोण्या तळावर कोण जन्मलं, कुठं कोण गेलं, कुठल्या झाडाला नवस बोलला होता, हे सासूनं सुनेला सांगायचं. माझ्या मायनं हिला सांगितलं. ही लोकर कातता कातता एका दमात सगळे तळ म्हणायची, वरून खाली आन खालून वर, गाण्यासारखं बी न्हाई आन बोलण्यासारखं बी न्हाई, त्याच्या मधलं काहीतरी. मी आयुष्यभर ऐकलं. पण ऐकलं म्हंजे पाठ झालं असं न्हाई.

तिनं ते सांगायचं कुणाला? लेक न्हाई आमाला. पहिली एक पोरगी झाली होती, ती कुंभार पिंपळगावच्या शिवारात चिंचेखाली मातीत ठेवली, अंगावर पीत होती तव्हा. नंतर हा एक पोरगा. त्याला शिकवायचं म्हून वसतिगृहात ठेवला. आम्ही तळावर आन तो शाळेत. त्याला दुनियेच्या लढाया पाठ झाल्या, कोण्या राजानं कुठला किल्ला घेतला ते पाठ झालं. बाप कुठल्या तळावर जन्मला ते ठाऊक न्हाई. पोरगा आता कापसाच्या जिनिंगवर वजनकाट्यापाशी कामाला आहे. मेहनती आहे, बापाला धरून आहे, त्याच्यावर राग न्हाई. राग त्या अटीवर आहे. शिकायचं तर आपलं बाहेर काढून ठेवून आत या, चपलासारखं, ही कसली अट? आन परत निघताना पाहावं तर चपला गायब.

त्या ब्यॅ-प्रकरणानंतर शाळेची बाई घरी आल्ती. नवीनच लागलेली, जवान पोरगी. फरशीवर आमच्यासंगं बसली, चहा घेतला. पोरीला कमी मार्क पडायलेत म्हणली, वर्गात तोंड उघडत न्हाई. मी तिसरीपस्तोरच शिकलेला, त्यात बी निम्मं साल तळावर, पण बोलायला कमी करत न्हाई. म्हणलं, बाई, पुस्तकात आमचं पान कुठलं, तेवढं दाखवा. तिनं नातीच्या दप्तरातलं पुस्तक काढलं, चाळलं. म्हणली, राणी आहे ना तुमच्यातली, तिचा धडा असतो, जयंती बी करतो आम्ही. म्हणलं, राणी लई मोठी, तिच्या फोटोला मी बी हात जोडतो. पण राणी एक झाली, बाकीचे आम्ही काय करत होतो? चालत होतो की न्हाई? बालवाडीच्या तक्त्यावर मेंढी हाय, मी पाह्यली. मेंढीमागचा माणूस कुठं गेला?

बाईनं पुस्तक मिटलं. मंग म्हणली, बाबा, असं फक्त इथंच नाही. तिकडं अमेरिकेत काळ्या लोकांच्या लेकरांचं असंच झालं. ही म्हातारी मधीच म्हणली, "ते बी मेंढरं राखत्यात का?" बाईला हसू आलं. न्हाई म्हणली, त्यांना साखळदंड घालून जहाजातून गुलाम करून नेलं होतं. नंतर मोकळे झाले, त्यांची लेकरं शाळेत जायला लागली, तर पुस्तकात त्यांची गोष्ट साखळदंडापासूनच सुरू. त्याच्या आधी त्यांचे देश होते, राजे होते, शेती होती, गाणी होती, ते काहीच न्हाई. लेकराला वाटायचं, आपण जन्माचेच गुलाम. मंग त्यांचे मायबाप भांडले, मास्तर भांडले, पोरं सुद्धा भांडली, की आमच्या लेकराला आम्ही कोण ते शिकवा.

म्हातारीनं हातातली लोकर कातायची चाती थांबवली. मंग म्हणली, "म्हंजे मधल्याच तळापासून सुरू केलं. आधीचे तळ सोडून दिले."

बाई तिच्याकडं सरकली. मंग म्हणली, आजी, तुम्हीच या ना वर्गात. मी दर शनिवारी एकेका लेकराच्या घरचं म्हातारं माणूस बोलावते. तुमचे तळ सांगा पोरांना.

ही लगीच हो म्हणली. आत खोलीत नात ऐकत होती.

तिनं आधी आजीला साडीचं म्हणून पाह्यलं. आजी, आलीस तर मम्मीची साडी नेसून ये. ही म्हणली, "मम्मीची साडी पाहिजे तर मम्मीलाच ने. तळ सांगायला मी पाहिजे तर लुगडं येईल." मंग पोरगी रडली. येऊच नको म्हणली, मला पुन्हा ब्यॅ ब्यॅ करतील. सून सासूला म्हणली, मामी, राहू द्या न हो, लेकरू खंगायलंय. पोरगा म्हणला, मागचं उकरून काय फायदा, तिला पुढं जाऊ द्या. म्हातारीनं सगळ्याचं ऐकून घेतलं. रागावली न्हाई. मला एकट्याला म्हणली, "आज ही मला लपवायली. उद्या हिला स्वतःला लपवावं लागंल. मी जाणार." म्हणलं, जा. अडवतं कोण?

म्हून शुक्रवारी ती घडी.

ते लुगडं मंग त्याच सांजेला नेसवलं तिला. नवऱ्याच्या आधी गेलेली बाई, हिरवं लुगडं, हिरवा चुडा, कपाळभर कुंकू. बायांनी घडी मोडली तव्हा मी बाहेर बोळीत उभा होतो. राजूरकडून भावकी टेम्पोतून आली. दिवस बुडल्यावर बत्तीच्या उजेडात सगळं उरकलं. पोरानं अग्नी दिला. मी काही केलं न्हाई, मला काही करायला ठेवलंच न्हाई कुणी. एक जण डावा हात धरून होता, एक जण उजवा, जसा काय मी पळून जाणार होतो.

घरी आलो तर घर माणसानं भरलेलं. चूल बंद, शेजारनीनं पिठलं-भाकरी आणलेली. चुलतभाऊ दारात बसला, माझ्याहून मोठा, भावकीत त्याचा शब्द चालतो. त्यानं सांगून टाकलं, सुतक पाळायचं, कुणी कुणाच्या घरी जायचं न्हाई, मी तर उंबरा ओलांडायचा न्हाई. दोन खोल्या, त्यात तेवढी माणसं, आन मी भिंतीला लागून. गुडघे पोटाशी घेतले तव्हा कुठं जागा झाली.

नात दिसंना. पाह्यलं तर बोळीत टाकीपाशी उकिडवी बसलेली. दुपारपासून काही खाल्लं नव्हतं तिनं. मी गेलो, टाकीला धरून खाली बसलो. ती माझ्याकडं न पाहता म्हणली, "आबा, मी देवाला म्हटलं होतं."

म्हणलं, "काय म्हणली व्हतीस?"

"की उद्या आजी येऊ नये."

दहा-अकरा वर्षाचं लेकरू, आन केवढं ओझं घेऊन बसलेलं. म्हणलं, "देवाला तुझं ऐकायला येळ न्हाई. त्यानं माझं इतक्या वर्षांत ऐकलं न्हाई, तुझं एका दिवसात कसं ऐकंल? तिचं हृदय बंद पडलं. डॉक्टरनं सांगितलं तुझ्यासमोर."

ती हमसून हमसून रडायली. मी रडू दिलं. जरा थांबली तव्हा म्हणली, "आता सगळ्यांना बरं वाटेल. उद्या आमच्याकडून कुणीच नाही."

ते 'सगळ्यांना' माझ्या छातीत बसलं. कारण त्यात ती स्वतः बी होती, आन तिला ते ठाऊक होतं. हे लेकरू आता मोठं होणार, लगीन करणार, म्हातारं होणार, आन दरवेळी आजीची आठवण आली की तिला हेच आठवणार, की मी तिला येऊ नको म्हणलं आन ती मेली. शाळेत मेंढराचा आवाज आला की आधी लाज आन लाजेमागं हे. ह्यातून तिला बाहेर कोण काढणार? धा दिवस ह्या बोळीत बसून ते आणखी आत रुतणार.

म्हणलं, "उद्या मी येतो."

ती म्हणली, "तुम्हाला कुठं येतं सगळं?"

म्हणलं, "जेवढं येतं तेवढं."

सकाळी मी टाकीवर आंघोळ केली, धोतर नेसलो, घोंगडं खांद्यावर घेतलं. नातीला म्हणलं, गणवेश घाल. सून मोरीपाशी होती, ती पोराकडं पाहायली. पोरगा उठून आला. रात्रभर रडून त्याचे डोळे सुजलेले, डोकं भादरलेलं. म्हणला, "दादा, मी बाईला फोन करतो. पुढच्या शनिवारी जा, न्हाईतर त्याच्या पुढच्या. कुठं पळून चालली शाळा?"

म्हणलं, "शाळा न्हाई पळत. माझ्या डोक्यातलं पळायलंय. रात्री म्हणून पाह्यलं, आत्ताच चार जागी अडकलो. ती व्हती तव्हा अडकलो की ती पुढचं म्हणायची."

चुलतभाऊ दारातच झोपलेला, तो उठून बसला. सगळ्या भावकीला ऐकू जाईल असं म्हणला, "बायकूची राख गरम हाय आन हा शाळंत चालला. ह्या वयात कुठली परीक्षा द्यायची राह्यली रे तुझी?"

दोघं-तिघं हसले. मला राग आला न्हाई. म्हणलं, "तुला तळ येत्यात का? येत असतील तर तू चल, मी बसतो सुतकात."

त्यानं तोंड फिरवलं. म्हणलं, "पाय घे मंग."

त्यानं पाय घेतले न्हाईत. मी त्याच्या पायांवरून ओलांडून गेलो. मागून नात आली. मला वाटलं हिला कुणी धरंल, पण न्हाई धरलं.

रस्त्यानं ती माझ्या मागं चालत होती, पुढं न्हाई. मोंढ्याकडं कापसाच्या गाड्या चालल्या होत्या, त्यांच्या कडंनं आम्ही चाललो. गुडघे दुखायले म्हून मी हळू, ती बी हळू. एकदा मी वळून पाह्यलं तर ती थांबली. मंग पुन्हा न वळता चाललो.

बाईला कुणीतरी सांगितलं होतं. ती वर्गाबाहेर आली, हात जोडले, म्हणली, बाबा, आज नसतं आलं तरी चाललं असतं. म्हणलं, नसतं चाललं. ती म्हणली आत या, खुर्ची ठेवली आहे. म्हणलं, सुतक हाय, दुसऱ्याची लेकरं हायेत, मी आत येत न्हाई. इथूनच सांगतो. मंग मी चौकटीला धरून दारातच उभा राह्यलो. नात माझ्या हाताखालून आत गेली आन आपल्या बाकावर जाऊन बसली. मान खाली.

मागच्या बाकावरून ब्यॅ झालंच. हळू, पण झालं.

मी म्हणलं, "कोण रे तो? ह्यो बोकड झाला. मेंढी अशी वरडत न्हाई." आन मी मेंढीचा आवाज काढला, कोकरू हरवलेल्या मेंढीचा, तो पोटातून येतो. मंग दोन-तीन पोरं हसली. बाई बी हसली. नातीनं मान वर केली न्हाई.

मी सांगायला लागलो. म्हणलं, आमचं गाव चालणारं गाव. त्याची वेस कुठं न्हाई. पहिला तळ राजूरच्या खालचा माळ. तिथून गणपतीचा कळस दिसायचा, त्याला हात जोडून निघायचं. दुसरा तळ पांढऱ्या ओढ्याचा. माझा बाप तिथं जन्मला, परतीच्या पावसात, घोंगड्याच्या आडोशाला. तिसरा बाभळीचा. तिथं माझ्या आज्यानं लांडग्याच्या तोंडातून कोकरू काढलं, त्याच्या हाताला खूण होती, ती मी पाह्यलेली. मंग बारवेचा तळ. तिथं पाणी गोड. तिथं माझी बायकू लगीन होऊन पहिल्यांदा चूल मांडायला बसली, धुरानं रडायली, आन माझ्या मायनं तिला पहिल्यांदा हे सगळे तळ म्हणून दाखवले.

पोरं पाहत होती. मी घोंगडं खांद्यावर सारखं केलं आन पुढं गेलो. मंग चिंच, कुंभार पिंपळगावच्या शिवारातली. म्हणलं, तिथं ह्या पोरीची आत्या हाय. पाळण्यात असतानाच गेली. तिचं नाव कुठंच लिहिलेलं न्हाई, म्हून आम्ही दरसाल तिथं थांबायचो.

नातीनं तव्हा माझ्याकडं पाह्यलं. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या बापाला बी किती ठाऊक असंल, ते मला ठाऊक न्हाई.

मंग चिंचेच्या पुढचा तळ. तो आलाच न्हाई. पाणी आठवलं, उजव्या हाताला आडवा नाला आठवला, चाऱ्याचा वास सुद्धा आठवला. पण तिथं काय झालं, कोण जन्मलं, कोण गेलं, ते येईना. मी चौकट घट्ट धरली. डोळे मिटले. तिच्या चातीचा आवाज आठवून पाह्यला, ती कुठं दम घ्यायची ते आठवून पाह्यलं. न्हाई. बाई म्हणली, बाबा, राहू द्या, खूप झालं. मागं कुणीतरी बाक सरकवलं. भावकी तिकडं दारात बसलेली, ही इकडं वाट पाहणारी लेकरं, आन मधी मी, पुढचं ठाऊक नसलेला.

कळप घेऊन जाताना वाट चुकली तर आम्ही कधी अंदाजानं पुढं जात न्हाई. जिथवर पक्कं ठाऊक आहे तिथवर मागं येतो.

मी डोळे उघडले, नातीला म्हणलं, "वही काढ. मी म्हणतो तसं लिही." आन राजूरच्या खालच्या माळापासून पुन्हा सुरू केलं, ह्या टायमाला जरा मोठ्यानं.